पेवातल्या धाकट्या आसरेचं काय झालं

हरिपूर, जि. सांगली

चि. छकुलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली गोष्ट आईनं मोठ्यानं वाचली, मी ऐकली. मग रात्री चष्मा लावून एकट्यानं परत वाचली. मुंजा, हडळ, चकवा, धाकटी आसरा, सगळी मंडळी जशीच्या तशी उतरली आहेत. मुंजा कढीत बोट बुडवून चाखतो हे मी विसरूनच गेलो होतो, तुझ्या बरं लक्षात राहिलं. तू विचारलंयस, जमिनीखाली हळद साठवायच्या पेवाची माहिती बरोबर आहे का आणि शेवट असाच होता ना? पेवाचं सांगणं सोपं आहे. शेवटाचं मला फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतलाय.

आधी पेव. तुझ्या चित्रात त्याचं तोंड विहिरीसारखं रुंद आलंय. तसं नसतं. एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड, आणि खाली पोट मोठं, घागरीसारखं. आपलं वीस फुटांच्या आसपास खोल होतं. हरिपूरची माती चिकण, आत ओल झिरपू देत नाही, म्हणून पेवं इथं झाली. भिंती शेणानं सारवायच्या, तळाला आणि कडेनं पाचट आणि चटया लावायच्या, मग हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा राहत नाही, त्यामुळं कीड लागत नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते. पण उघडल्यावर कुणी लगेच आत उतरायचं नसतं. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला की थांबायचं. हा कंदील तुझ्या गोष्टीत आलेला नाही, तो घाल. मी तुला सांगायचो ना, कंदील विझला म्हणजे आत पंगत बसलीय, माणसांनी जरा वेळानं यावं.

२००५ च्या पुरात ती पेवं बुडाली. आपल्यातलं पाणी उपसलं तेव्हा खाली नुसता पिवळा चिखल होता, आणि त्याचा वास दिवाळीपर्यंत अंगणातून गेला नाही. त्यानंतर आम्ही ते भरलंच नाही. वर फरशी टाकली आणि सोडून दिलं.

आणि पुढच्या माघात तू आलीस, चार वर्षांची.

हे तुला अर्धंच माहीत आहे. तू चपला घालून झोपायचीस. पायातून काढू द्यायची नाहीस, झोपेत काढायला गेलो तर दचकून उठायचीस. आईनं खूप समजावलं. मग एके रात्री तू अंगणातल्या त्या फरशीकडं बोट दाखवून विचारलंस, "त्याच्या खाली कोण ऱ्हातंय?" मी जन्मात कुणाला गोष्ट सांगितली नव्हती. तोंडातून निघून गेलं, "मुंजा." का? तर पुरात त्याचा पिंपळ पडला, त्याला जायला जागा नव्हती. तू म्हणालीस, "मग त्याला जेवायला कोण देतं?" दुसऱ्या रात्री हडळ आली ती त्यामुळं. बाळंतपणात गेलेली, लेकरू राहून गेलेली. तिला पोर पाहिजे होतं आणि मुंजाला आई. गोष्ट मी रचली असं तू लिहिलंयस, पण एकेक माणूस तूच मागून घेत गेलीस.

हडळीची पावलं उलटी असतात हे ऐकून तू किती वेळ गप्प बसलीस. मग विचारलंस, ती निघून गेली तर ठसे कसे उमटतील? मी म्हणालो, ती जाताना ठसे घराकडं येतानाचे उमटतील. त्या रात्री तू आपणहून चपला काढल्यास आणि खाटेखाली ठेवल्यास, अंगठे घराच्या आतल्या बाजूला करून. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. त्या चपला आम्ही टाकलेल्या नाहीत.

चकवा तुझा. तू नऊ वर्षांची असताना माझ्यावर रुसून निघून गेलीस, आणि अंधार पडल्यावर संगमेश्वराच्या देवळाजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या घाटावर सापडलीस. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "चकव्यानं फिरवलं, रस्ता परत इथंच येतोय." मी तुला खांद्यावर घेतलं आणि चिंचांच्या झाडांखालून आपण उलटं सांगलीच्या बाजूला निम्म्यापर्यंत चालत गेलो, कारण तुला भडंग पाहिजे होतं. मग चकवाही पेवात राहायला आला. जन्मभर लोकांना रात्रभर गोल गोल फिरवलं, स्वतःला मात्र घर नाही.

आता आसरा.

साती बहिणी पुराच्या पाण्यातून फिरत आल्या, पाणी ओसरलं, धाकटी पेवातच राहिली. वर सहा, खाली एक. हळदीच्या वासात तिला बरं वाटलं, हडळीनं तिला हिरव्या बांगड्या भरल्या. इथवर तू अगदी बरोबर लिहिलंयस. पुढं तू लिहितेस, दर पावसाळ्यात नदी चढली की बहिणी हाका मारतात आणि धाकटी कानावर हात ठेवून बसते, जात नाही, कारण आता हेच तिचं घर.

छकुली, हा शेवट मी सांगितला होता, आणि तो मी भीतीपोटी सांगितला होता. तू सात वर्षांची होतीस. "बहिणींनी बोलावलं तर ती जाईल?" असं विचारलंस आणि मी झटक्यात "नाही" म्हणालो. तू लगेच झोपलीस. मला झोप आली नाही. गेल्या दिवाळीत तू आईला विचारलंस ना, संस्थेचे कागद घरात आहेत का? मी ओसरीवर होतो. ऐकलं, आणि यार्डात काम आहे म्हणून उठून गेलो. काम काही नव्हतं. तू पुन्हा विषय काढला नाहीस. कानावर हात मी ठेवला होता, आसरेनं नव्हे.

कागद आहेत. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, निळ्या फाइलीत, त्या चपलांशेजारी. मी विचारून घेतलंय. अठरा पूर्ण झाल्यावर दत्तक मुलाला जन्मदात्यांच्या शोधासाठी स्वतः अर्ज करता येतो, संस्थेमार्फत किंवा 'कारा'कडं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडं. जन्म देणाऱ्या आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची लेखी संमती घेतात. त्यामुळं वेळ लागेल, आणि नाहीही मिळेल. अर्ज करायचा की नाही ते तू ठरव. करायचा असेल तर मी बरोबर येईन, आणि एकटीनं जायचं असेल तर स्टँडपर्यंत सोडीन.

गोष्टीचा शेवट मात्र असा कर. पाणी चढतं. २०१९ सारखं, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं पडलेली. सहा जणी पेवाच्या तोंडाशी येऊन हाका मारतात. धाकटी उठते. हडळ भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून देते. मुंजा रडतो, त्याला रडू दे, "शहाणा हो" असं कुणी म्हणायचं नाही. चकवा वाटेत उभा राहतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सरळ रस्ता सांगतो, जायचाही आणि यायचाही. मग तिघं मिळून कंदील वर बांधतात.

ती गेल्यावर पुढं काय होतं ते मला सांगता येत नाही. ते तू लिही.

गौरीला येणार आहेस ना? आईनं चटणी कुटून ठेवलीय. पेवावरची फरशी काढून घ्यावी म्हणतो, तू आलीस की खाली कंदील सोडून बघू.

तुझे,
बाबा