विन्याला, इंदूरहून

प्रिय विन्या,

आईचा गुडघा तसाच, माझी शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं. हे घरात कोणाला सांगता येत नाहीये. सांगायला गेलो की 'या वयात रात्री जागून गेम?' इथेच गाडी अडते. म्हणून तुला.

आमच्या ओम्याने मला 'हेल लेट लूज' हा कॉम्प्युटर गेम खेळायला बसवलं. तुझ्या कानावर नाव असेलच, २०२१ पासून पूर्ण स्वरूपात आहे. दुसरं महायुद्ध. इकडे पन्नास, तिकडे पन्नास, सगळी खरी माणसं हेडफोन लावून बसलेली, आणि एक लढाई दीड तासापर्यंत चालते. पडद्याच्या मध्यावर नेमाचं चिन्ह नाही, बंदुकीच्या माशीतूनच बघायचं. मेल्यावर कोणी मारलं ते दाखवत नाहीत. किती मारले याचा आकडा कोपऱ्यात चढत नाही. कानाजवळून गोळी गेली की डोळ्यांपुढचं सगळं धूसर होतं, आणि आपण आडवे पडतो. खरंच पडतो रे, बोट आपोआप त्या बटणावर जातं.

तू असतास तर पहिल्याच लढाईत 'हा कॅम्पर, एका जागी दबा धरून बसणारा, कोण आहे' म्हणून गलका केला असतास. इथे झुडपामागे पडून राहणं हाच शहाणपणा. म्हणजे राजवाड्यामागच्या त्या कॅफेत मी जे सांगायचो तेच खरं. काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू नकाशात लाँगच्या उघड्या वाटेने धावत जायचं नसतं, हे मी आजही लेखी देतो. त्या दिवशीची मॅच तुझ्यामुळे गेली आणि कचोरीचे पैसे मी भरले, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

पण गेम मला आवडला, हे आधी मान्य करतो. लढाई नेमबाजांच्या जिवावर जिंकतच नाहीत. कोणीतरी सामान पाठीवर वाहून आणायचं, अधिकाऱ्याने त्यातून योग्य जागी गॅरिसन उभारायचं, म्हणजे मेलेले लोक तिथून पुन्हा उतरतात. ते नसेल तर पाऊण मैल चालत या. आमच्या तुकडीचा म्होरक्या एक तमिळ मुलगा होता, आवाज अजून फुटायचा होता, पण सहा जणांना असा सांभाळत होता की मी त्याला 'सर' म्हणायला लागलो. बर्फातलं फॉय गाव, कारांतांच्या गल्ल्या, सगळं इतकं नीट केलंय की चुली विझलेल्या घरात शिरताना अवघडल्यासारखं होतं.

मग मी मेडिक झालो. यात जखमी माणूस खाली पडतो, आणि पडल्यावरही त्याचा आवाज आसपासच्यांना ऐकू येतो. त्याला उठवायचं ते फक्त मेडिकने. फॉयच्या बाहेर उघड्या शेतात एक पोरगा पडला आणि हाक मारू लागला, "मेडिक, कोई है? भैया, कोई है क्या?" मी निघालो. मधेच गोळी लागून मेलो. परत उतरलो तेव्हा जवळचं गॅरिसन गेलेलं, लांबून पळत आलो. तोवर तिथे कोणी नव्हतं. वाट पाहून त्याने आशा सोडायचं बटण दाबलं असणार.

विन्या, मी हेडफोन काढून ठेवला. घाम आला होता. ओम्या मागे उभा होता, त्याने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, अहो तो परत जिवंत झाला की तिकडे." आणि मग सहज, "बघितलंत ना, खरं असंच असतं. मला आता माहितीये."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आपण काउंटर-स्ट्राइक खेळलो तेव्हा आपल्यापैकी कोणाला वाटलं का, की आपल्याला लढाई कळली? तो खेळ खरं असल्याचा आवच आणत नव्हता. हा आणतो, आणि बहुतेक जागी खरा आहे. भीती खरी, गोंधळ खरा, गोळी कुठून आली ते न कळणं खरं. एवढं सगळं बरोबर दाखवल्यावर ती एकच जागा, ते परत उतरणं, पोराच्या नजरेतून निसटणारच. त्याने एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीचा, फॉर्म भरलाय. पहाटे महूला एका निवृत्त सुभेदारांकडे पळायला जातो. मी अडवणार नाही. अडवायचा हक्क मला नाही. भोपाळच्या एसएसबीहून, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या निवड-चाचणीहून, आपण दोघे अगदी शेवटच्या फेरीत, कॉन्फरन्स आउट होऊन आलो तेव्हा स्टेशनवर किती वेळ बसून होतो ते तुला ठाऊक आहे. त्याने जावंच. पण 'मला माहितीये' म्हणत जाऊ नये.

मी त्याला यशवंत घाडगेंचं सांगितलं. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीतला बावीस वर्षांचा नाईक. सोबतचे सगळे पडलेले. एकट्याने मशीनगनवर चालून गेला, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागून तिथेच गेला. ओम्याचे डोळे चमकले. म्हणजे त्याने पुन्हा तेवढंच ऐकलं जे गेममध्ये आहे.

त्याला तुमच्या आप्पांचं कळायला हवं, आणि ते मी सांगितलेलं चालणार नाही. तेही त्याच पलटणीचे, तेही इटलीत. खेचरं आणि चिखल यांपलीकडे बोलले नाहीत कधी. पण सर्वपित्रीला घरच्यांखेरीज दोन पानं जास्त वाढायला लावायचे, आणि आपण त्या पानांवरच्या खिरीवरून भांडायचो. ती पानं कोणाची, हे काकूंनी आपल्याला केव्हा सांगितलं ते आठव. तेव्हापासून तू ती खीर खाल्ली नाहीस.

तर असं कर. दिवाळीत ओम्याला पुण्याला पाठवतो. खडकवासल्याला बाहेरून का होईना नेऊन आण, तो खूश होईल. आणि घरी आल्यावर आप्पांचं ते पेबुक, पलटणीतली पगाराची वही, त्याच्या हातात दे, त्या दोघांची नावं सांग, गावं सांग. उपदेश करू नकोस, तू केलास की तो हसतो.

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली थांबली हे आईकडून कळलं, बरं झालं. चिऊला दहावीबद्दल शाबासकी, तिच्यासाठी शेव पाठवतो, लवंगाची. तू खाऊ नकोस, तुला पित्त होतं.

रविवारी दुपारी फोन कर. ओम्या क्लासला असतो, तेव्हा मोकळं बोलता येईल.

तुझा,
बंड्या