करार कायम होण्याआधी तो संसदेपुढे यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशांशी होणाऱ्या व्यापार करारांच्या बातम्या हल्ली आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्या वाचून सोलापुरात साधारण दोन प्रकारची बोलणी कानांवर पडतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला टॉवेल कारखानदार तिकडचे आयात शुल्क किती उतरले एवढेच विचारतो, तर चहाच्या गाड्यावर कोणीतरी ‘देश विकायला काढला’ असा निकाल देऊन मोकळा होतो. या दोघांनीही न विचारलेला एक प्रश्न मला मांडायचा आहे. असा करार देशावर बंधनकारक करण्याचा अखेरचा निर्णय कोण घेते, आणि तो घेण्यापूर्वी कराराचा मजकूर कोणापुढे ठेवावा लागतो? मी बरीच वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. ‘सार्वभौम’ या शब्दाचा अर्थ दरवर्षी फळ्यावर लिहिला, पण या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही, कारण ते मलाच निवृत्तीनंतर राज्यघटना निवांतपणे वाचताना उमगले.

आंतरराष्ट्रीय कराराला सहसा दोन पायऱ्या असतात. पहिली सहीची, जिची छायाचित्रे आपण पाहतो. दुसरी अनुसमर्थनाची, जी झाल्यावर करार देशाला खऱ्या अर्थाने बांधून घेतो आणि जिची बातमी बहुधा आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. आपल्याकडे ही दुसरी पायरीही केंद्रीय मंत्रिमंडळच चढते. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत 14 क्रमांकाची नोंद आहे, तिच्यानुसार परकीय देशांशी तह व करार करणे आणि ते अमलात आणणे हा संसदेने कायदा करण्याचा विषय आहे. परंतु करार कसा करावा, कसा तपासावा, कोणी मंजूर करावा, यासंबंधी संसदेने गेल्या पाऊणशे वर्षांत एकही सर्वसाधारण कायदा केलेला नाही. त्यामुळे अनुच्छेद 73 प्रमाणे, जिथे संसदेला कायदा करता येतो तिथे केंद्र सरकारला कारभार करता येतो, या न्यायाने सारा अधिकार सरकारच्या हाती आपोआप राहिला आहे. कोणत्याही एका पक्षाच्या सरकारने तो हिसकावून घेतला असे नव्हे. रिकामी जागा होती, ती सर्वांनीच वापरली.

याला दोन अपवाद आहेत. करारामुळे देशाची भूमी दुसऱ्याला द्यावी लागत असेल तर घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली बेरुबारी प्रकरणात सांगितले. आणि करारासाठी देशातला कायदा बदलावा लागत असेल तर संसदेकडे जावेच लागते. परंतु या दुसऱ्या अपवादात एक मोठी मेख आहे, आणि ती आपण एकदा चांगलीच अनुभवली आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताने एप्रिल 1994 मध्ये माराकेश येथे सही केली आणि 1 जानेवारी 1995 पासून तो लागू झाला. त्यातील बौद्धिक संपदेच्या भागासाठी पेटंट कायदा बदलणे भाग होते, म्हणून 31 डिसेंबर 1994 रोजी, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, वटहुकूम निघाला. विधेयक लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. दरम्यान वटहुकमाची मुदत संपली आणि 1996 साली लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयकही संपुष्टात आले. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण व्यवस्थेकडे तक्रार केली, 1997 साली निकाल भारताच्या विरुद्ध गेला आणि अखेर 1999 साली संसदेने ती दुरुस्ती केली. या घटनाक्रमात राज्यसभेने काय चूक केली, हे मला आजही कळलेले नाही. तिने विधेयक तपासायला घेतले, एवढेच. पण तपासण्याची वेळ निघून गेली होती. वचन आधीच दिले गेले होते, आणि ज्या सभागृहाला ‘नको’ म्हणण्याची सोयच उरलेली नाही त्याच्यापुढे कागद ठेवण्याला मंजुरी मागणे म्हणत नाहीत. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुलीला पसंती विचारावी, तसा हा प्रकार.

याच कराराने सोलापूरला काही दिलेही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सोलापुरी चादरीला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याला आपण जीआय म्हणतो, त्याचा 1999 चा कायदा याच कराराच्या पोटातून आलेला आहे. पण त्यातली एक गोष्ट चादरीच्या पेठेत फारशी कोणाला ठाऊक नसते. त्या कराराच्या बौद्धिक संपदेच्या भागातले कलम 22 सर्व वस्तूंच्या मानांकनाला साधारण संरक्षण देते: ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर नावाचा वापर रोखता येतो. कलम 23 मात्र वाइन आणि स्पिरिट यांना याहून कडक संरक्षण देते; तिथे दिशाभूल झाली की नाही हा प्रश्नच येत नाही, खरे मूळ ठिकाण सोबत लिहिले तरीही ते नाव दुसऱ्या प्रदेशातल्या मालाला वापरता येत नाही. फ्रान्समधल्या द्राक्षाच्या मद्याला जे मिळाले ते सोलापूरच्या हातमाग-यंत्रमागाला मिळाले नाही. ही सवलत सर्व वस्तूंना लागू करा, असे भारत नंतर अनेक वर्षे त्या संघटनेत मागत राहिला. ते मागणे योग्यच होते. परंतु वस्त्रोद्योगाच्या शहरांतून निवडून आलेल्या चार-सहा खासदारांच्या हाती तो मजकूर वेळेत पडला असता, तर हा प्रश्न निदान वेळेवर उपस्थित झाला असता, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. एका ऑस्ट्रेलियन कंपनीचा कोल इंडियाशी खाणीच्या कामावरून वाद होता. 2002 साली लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला, पण तो अमलात आणण्याचे प्रकरण आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळले. तेव्हा कंपनीने भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील गुंतवणूक कराराच्या आधारे थेट भारत सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवाद मागितला. त्या करारात ‘दाद मागण्याचे परिणामकारक साधन’ देण्याची हमी नव्हती. ती भारताने कुवेतशी केलेल्या करारात होती. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा’ची वागणूक, म्हणजे इतर कोणत्याही देशाला दिली त्याहून कमी नसलेली वागणूक, देण्याचे कलम होते, त्या पुलावरून कुवेतच्या करारातली हमी ऑस्ट्रेलियन कंपनीच्या पदरात पडली आणि नोव्हेंबर 2011 मध्ये भारत हरला. रक्कम सुमारे 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि व्याज, म्हणजे देशाच्या मानाने फार नव्हे. परंतु आपल्या न्यायालयांच्या विलंबाचा हिशेब परदेशी लवाद मागू शकतो, ही गोष्ट असे डझनावारी करार करून झाल्यावर देशाला कळली. त्यानंतर सरकारने नवा नमुना करार तयार केला, ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा’चे कलम वगळले, परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतातच दाद मागावी अशी अट घातली आणि बहुतेक जुने करार संपुष्टात आणले. हे चांगलेच झाले. पुढे 2024 साली अमलात आलेल्या संयुक्त अरब अमिरातींबरोबरच्या करारात तीच पाच वर्षे तीनवर आली. ही तडजोड शहाणपणाची असेलही; परंतु ती करण्यापूर्वी संसदेची मान्यता घेण्याचे बंधन सरकारवर नव्हते, आणि माझा आक्षेप नेमका तेवढाच आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की वाटाघाटी चव्हाट्यावर करता येत नाहीत. मान्य. भाव ठरेपर्यंत रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत आपल्या जनावरांच्या बाजारालाही ठाऊक आहे. पण रुमाल सौदा होईपर्यंतच असतो. सही झाल्यावर मजकूर गुप्त राहत नाही. मग सही आणि अनुसमर्थन यांच्या मधल्या काळात तो सभागृहाच्या पटलावर ठेवून समितीकडून तपासून घेण्यात कोणते राजकीय गुपित फुटते? 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्याप्रमाणे असा करार अनुसमर्थनापूर्वी संसदेच्या बैठकीचे 21 दिवस पटलावर ठेवावा लागतो आणि कनिष्ठ सभागृह त्याविरुद्ध ठराव करून तो रोखू शकते. तिथेही मतदान होईलच असे नाही, आणि त्यांच्या पद्धतीवर त्यांच्याकडे टीका होते. तरीही, एकच करार, दोन देश. एकाच्या लोकप्रतिनिधींना अनुसमर्थनापूर्वी तो तपासण्याचा कायदेशीर हक्क आहे, दुसऱ्याच्या नाही. अमेरिकेत तहाला सिनेटचे दोन तृतीयांश मत लागते. अध्यक्ष विल्सन यांनी स्वतः घडवलेला व्हर्सायचा तह त्यांच्याच सिनेटने मंजूर केला नाही. तेवढ्या टोकाला आपण जावे असे मी म्हणत नाही.

संसदेकडे गेले की करार अडकतात, हा दुसरा आक्षेप. बांगलादेशाशी झालेला भूसीमा करार 1974 चा. तो आपल्याकडे 2015 साली शंभराव्या घटनादुरुस्तीने मार्गी लागला. एकेचाळीस वर्षे लागली, हे खरे. पण मे 2015 मध्ये तो संसदेत आला तेव्हा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला, 111 भारतीय छिटमहाल, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेले भूभाग, तिकडे आणि 51 इकडे आले, आणि त्यानंतर ‘भूमी दिली’ म्हणून कोणत्याही मोठ्या पक्षाने त्याचे राजकारण करायचे म्हटले तरी त्याला तोंड उरले नाही, कारण सर्वांचाच हात वर झालेला होता. याउलट श्रीलंकेकडे गेलेल्या कच्चथिवू बेटाविषयीच्या 1974 आणि 1976 च्या समझोत्यांवरून तमिळनाडूत आजही दर निवडणुकीला वाद उकरला जातो.

राज्यांचा मुद्दा मात्र मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. संघसूचीतली 14 वी नोंद करारांची, आणि योगायोग असा की राज्यसूचीतली 14 वी नोंद शेतीची. अनुच्छेद 253 म्हणतो की करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणजे शेती राज्याची असली तरी करारामार्गे ती केंद्राकडे जाऊ शकते, आणि त्या वाटेवर राज्याला विचारण्याचे बंधन कुठेच नाही. हे दूरचे वाटत असेल तर मंगळवेढ्याच्या ज्वारीचा विचार करावा. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 ने शेतकऱ्याला आपल्या पिकातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छापील नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. पिकांच्या नव्या वाणांवर पैदासकारांना हक्क देणाऱ्या युपोव्ह नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची 1991 ची नियमावली ही मोकळीक बरीच आवळते. भारत तिचा सदस्य नाही. परंतु व्यापार करारांतून ती अट घालण्याचा आग्रह विकसित देशांकडून होत आला आहे. आजवर भारताच्या वाटाघाटीकर्त्यांनी ती टाळली, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. उद्याच्या एखाद्या करारात दोन ओळी मान्य झाल्या, तर मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला पायलीभर बियाणे विकावे की नाही हे ठरलेले असेल, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावर एक शब्दही उच्चारला गेलेला नसेल. 4 नोव्हेंबर 2019 रोजी भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर राहिला, त्यात दूध उत्पादकांच्या आणि शेतकरी संघटनांच्या विरोधाचा वाटा होता. पण तो विरोध रस्त्यावर झाला. ज्या पिकाला किंवा धंद्याला मोर्चा काढणारे मिळत नाहीत, त्याने काय करावे?

करार म्हणजेच गुलामी, असे मात्र मी मानत नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचे भारताने 1993 साली अनुसमर्थन केले होते, म्हणूनच 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाला त्याचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालता आले. कायदा यायला पुढे 2013 उजाडले. अनुसमर्थन हा नुसता परराष्ट्र खात्याच्या फायलीतला कागद नसतो, हेच यातून दिसते.

घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने 2002 साली सुचवले होते की संघसूचीतल्या 14 व्या नोंदीखाली संसदेने करारांविषयी कायदा करावा. तो कायदा करायला घटनादुरुस्ती लागत नाही, साधे बहुमत पुरते. विमान वाहतुकीचे किंवा सांस्कृतिक देवाणघेवाणीचे करार आजच्यासारखेच होऊ द्यावेत. पण ज्या करारांनी आयात शुल्क, पेटंट, बियाणे, सरकारी खरेदी किंवा परदेशी लवाद यांबाबत देशाला बांधून घेतले जाते, ते सहीनंतर ठरावीक मुदतीसाठी दोन्ही सभागृहांपुढे यावेत, स्थायी समितीने त्यांवर अहवाल द्यावा, राज्यसूचीतला विषय असेल तर राज्यांचे लेखी म्हणणे त्या अहवालाला जोडावे आणि मगच अनुसमर्थन व्हावे. मुदत संपूनही समितीचा अहवाल आला नाही, तर सरकारला पुढे जाण्याची मुभा असावी. कारण अडवून ठेवण्याचा खेळही आपल्याला नवा नाही.

दर 12 जानेवारीला सोलापुरात, इंग्रजांनी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी हार घातले जातात आणि सार्वभौमत्वावर भाषणे होतात. 1930 सालच्या मार्शल लॉची ज्या शहराने किंमत मोजली तिथे ती व्हायलाच हवीत. आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारावा, अशी या पत्राद्वारे त्यांना विनंती आहे: 14 व्या नोंदीखाली करारांविषयीचा कायदा करण्याचा सरकारचा विचार आहे काय, नसल्यास का नाही. आणि आपणांस विनंती अशी की ब्रिटनबरोबरच्या करारातली टॉवेल, चादर, डाळिंब आणि द्राक्ष यांच्याशी संबंधित परिशिष्टे सोप्या मराठीत आपल्या अंकातून क्रमशः छापावीत. मजकूर रूक्ष आहे आणि वाचक कंटाळतील, अशी आपल्या सहकाऱ्यांची शंका असेल. तर त्यासाठी रविवारच्या पुरवणीतले माझे आवडते शब्दकोडे काही आठवडे बंद ठेवले तरी माझी तक्रार राहणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर