आधी पूर्वपक्ष, मग समर्थन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रद्धा आणि बुद्धी यांविषयी आपल्या दैनिकात चाललेल्या चर्चेत असा आक्षेप आला की, ख्रिस्ती विश्वासाचे तर्काने समर्थन करणारे लोक निष्कर्ष आधी ठरवतात आणि कारणे मागाहून गोळा करतात. मी स्वतः ख्रिस्ती आहे. आमच्यातील अनेकांच्या बोलण्याला हा आक्षेप नेमका लागू पडतो, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. परंतु या समर्थनाची जी जुनी परंपरा आहे, तिला तो लागू पडत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

समर्थनासाठी बायबलच्या नव्या करारात जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थच मुळी न्यायासनापुढे केलेला बचाव असा आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून जे निवेदन लिहिले, त्यात ख्रिस्ती या केवळ नावावरून कोणाला शिक्षा देऊ नये, वर्तनाची चौकशी करावी, अशी मागणी होती. बचाव करणाऱ्याला आधी आरोप नीट ऐकून घ्यावा लागतो. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस याने तर आपल्या ग्रंथाची रचनाच तशी केली: प्रत्येक प्रश्नात पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, आधी, मग स्वतःचे उत्तर. ईश्वर आहे काय, या प्रश्नाखाली त्याने मांडलेला पहिला पूर्वपक्ष असा की, ईश्वर अनंत चांगला असता तर जगात वाईट उरलेच नसते. आणि दुसरा असा की, ईश्वराला मध्ये न आणताही जगातील घडामोडींचा उलगडा होतो. आजचा नास्तिक याहून वेगळे काय म्हणतो?

त्याच थॉमसची आणखी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. विश्वाला आरंभ आहे, हे तो मानत होता; पण ते केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असेही त्याने स्पष्ट लिहिले, आणि श्रद्धेच्या बाजूने लंगडी प्रमाणे पुढे केल्यास अविश्वासी लोकांना हसण्याचे निमित्त मिळेल, असा इशारा दिला. आज आमचे काही वक्ते महास्फोटाचा सिद्धांत हाती येताच बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर विज्ञानाचे शिक्कामोर्तब झाल्याचे सांगतात, तेव्हा हा इशारा आठवतो. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे, या अनुमानाची घडण निर्दोष आहे. वाद आहे तो आधारविधानांविषयी. ती दोन्ही मान्य केली तरी हाती येते ते एक आदिकारण, आणि त्या आदिकारणापासून येशू ज्याला पिता म्हणतो त्याच्यापर्यंतचे अंतर हे अनुमान कापू शकत नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर हे तत्त्व, बुद्धीने सिद्ध होणार नाही, हे थॉमसनेही मान्य केले होते.

बचाव आणि सिद्धता यांतला हा फरक दुःखाच्या प्रश्नात सर्वात ठळक दिसतो. सर्वसमर्थ, पूर्ण चांगला ईश्वर आणि वाईटाचे अस्तित्व या गोष्टी परस्परविरोधी आहेत, असे नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये मांडले. ख्रिस्ती तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी १९७० च्या दशकात दिलेले उत्तर वाईटाचे खरे कारण सांगत नाही. माणसाला खरोखर स्वतंत्र इच्छा द्यायची तर तो वाईट निवडण्याची शक्यताही स्वीकारावी लागत असेल, आणि एवढी शक्यता दाखवली की विसंगतीचा आरोप टिकत नाही. हे यश मोठे आहे, पण मर्यादित आहे. नास्तिक तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला: रानातील वणव्यात होरपळून, कोणाच्याही नकळत, दिवसेंदिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचे काय? तिथे विसंगतीचा आरोप नाही. असे निरर्थक दिसणारे दुःख पाहता ईश्वर असणे असंभाव्य ठरते, एवढेच म्हणणे आहे. मानवी स्वातंत्र्याचे उत्तर त्या पाडसापर्यंत पोहोचत नाही. ईश्वराची कारणे आपल्याला दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असे होत नाही, हे उत्तर मला ग्राह्य वाटते, पण समोरच्याला ते पुरेसे वाटले नाही तर त्याची बुद्धी मलिन आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, असे नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. आमच्या व्यासपीठांवर हे वचन वारंवार उद्धृत होते. ते उत्तर सौम्यतेने द्यावे, हा त्याच वचनाचा पुढचा भाग मात्र बहुधा वाचलाच जात नाही.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक