तोडलेल्या उसातली साखर किती वेगाने मोडते? आमच्या मुलांना मोजायचे आहे, हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या केज-धारूर पट्ट्यातील आमच्या गावात घरांना कुलपे लागतात. कोयते, म्हणजे ऊसतोडणीची जोडपी, फडावर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. ही मुले संध्याकाळी आमच्या सार्वजनिक वाचनालयात अभ्यासाला बसतात.

गेल्या हंगामात नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाबा म्हणतात, तोडलेला ऊस गाडीतच पडून राहिला की त्यातली साखर उतरते. मग ती जाते कुठे? आणि किती वेळात जाते?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडले. ऊस तोडल्यावर त्यातली विकरे (एन्झाइम) सुक्रोज, म्हणजे आपली साखर, मोडून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. जिवाणूही हात धुऊन घेतात, आणि ऊन वाढले की सगळेच लवकर घडते. म्हणूनच तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे असे सांगतात. दुसरा प्रश्न मात्र वाचून सुटणारा नाही. तो मोजावाच लागतो.

रासायनिक अभिक्रियेचा वेग मोजण्याची सुरुवातच साखरेपासून झाली, हे कळले तेव्हा आम्हा मोठ्या माणसांनाही नवल वाटले. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात आम्ल घातले आणि पोलारीमीटर, म्हणजे प्रकाश किती वळला ते मोजणारे यंत्र, घेऊन बसला. ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, साखरेच्या द्रावणातून गेला की त्याचे प्रतल उजवीकडे वळते. साखर मोडत जाते तसा हा कोन उतरतो, शून्यावर येतो आणि शेवटी डावीकडे जातो. द्रावणाची नळी उघडायची नाही, थेंबही बाहेर काढायचा नाही. घड्याळ पाहायचे आणि कोन लिहायचा. त्यातून त्याला दिसले की कोणत्याही क्षणी वेग हा त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. या कामाकडे कित्येक वर्षे कोणी फारसे लक्षच दिले नाही, याची आम्हाला खरोखर हळहळ वाटते.

आमच्याकडे आज एवढेच आहे: दोन चंचुपात्रे, एक थर्मामीटर आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. त्यावर मुलांनी फुलीचा प्रयोग केला. कागदावर फुली काढायची, वर चंचुपात्र ठेवायचे, सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे. गंधक तयार होऊन द्रावण गढूळ होते आणि फुली दिसेनाशी होते. सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात वेळ इतका वेगळा आला की मुले आपलेच चुकले म्हणून हिरमुसली. चूक नव्हती. तापमान दहा अंशांनी वाढले की बऱ्याच अभिक्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, आणि आपल्या मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीतले तापमान दिवसभरात किती हलते हे सांगायला नको. म्हणून आमची पहिली मागणी तापमान स्थिर ठेवणाऱ्या वॉटर बाथची आहे. तो नसेल तर बाकीचे सगळे आकडे वाया जातील.

दुसरी मागणी पोलारीमीटरची. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रसाचा पोल, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, याच यंत्रावर काढतात. कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट, महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग यांच्याकडे कपाटात पडलेले जुने यंत्र असेल तर ते आम्हाला द्या. सोडियमचा दिवा गेला असेल तरी चालेल, नळीला तडा गेलेला नसावा.

ब्युरेट, पिपेट आणि स्टँडही हवेत. इथाइल ॲसिटेटचे जलविघटन, म्हणजे पाण्याने होणारे त्याचे विघटन, मोजताना ठरावीक वेळाने थोडे मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे अभिक्रिया जवळजवळ थांबते, आणि मग अनुमापन करतात, म्हणजे ब्युरेटमधून मोजून द्रावण घालत त्यात किती आम्ल आहे ते काढतात. रंग फिका होत जाणाऱ्या अभिक्रियांसाठी रंगाची गडदता मोजणारा एक साधा कलरीमीटर मिळाला तर फारच उत्तम. पापणी लवायच्या आत संपणाऱ्या अभिक्रियांच्या वाटेला आम्ही जाणार नाही; पण त्या मोजण्याच्या पद्धतींसाठी १९६७ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, हे मुलांना ठाऊक आहे आणि ती त्याबद्दल सारखी विचारतात.

रोख मदत पन्नास रुपयांचीही स्वीकारू. पावती लगेच मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. पैशांपेक्षाही अवघड मागणी वेळेची आहे: आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांजवळ उभे राहून आम्ल हाताळायला शिकवणारे दोन-तीन जण हवेत. बीएस्सी झालेले तरुण, निवृत्त शिक्षक, कोणीही या.

आई-वडील फडावरून परततील तेव्हा त्या मुलीच्या हातात स्वतः काढलेला आलेख असावा, एवढ्यासाठी ही धडपड आहे. तेव्हा सामान दिवाळीपूर्वी पोहोचले तर बरे. वाचनालय रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. काचसामान पाचटात किंवा जुन्या कपड्यात नीट गुंडाळून आणावे. आम्ल किंवा इतर रसायने कृपया कोणी पाठवू नयेत, ती आम्ही शिक्षकांच्या देखरेखीखाली विकत घेऊ.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय