गाडी आता चाकांवर उभी आहे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तयार गाडी मिळत असताना घरी स्वतः गाडी जोडण्याचा हा खटाटोप कशाला?" आणि मागून आईचा आवाज आला, "ब्रेक नीट लागतील ना पण?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर घाईत देण्यासारखी नव्हती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. गाडी या आठवड्यात जॅकस्टँडवरून, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या टेकूंवरून, खाली उतरली. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. डॅशबोर्डवरचे मीटर बसवायचं काम चालू आहे आणि त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंच आहे. पण आधी सांगाड्यापासून सांगते, कारण तुम्ही तिथूनच विचारणार.

इथे ब्रिटनमध्ये घरी गाडी जोडण्याची प्रथा जुनी आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली 'सेव्हन' नावाची दोन आसनी, उघडी, अतिशय हलकी गाडी आणली. तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. अट अशी की संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग गाडी उकलण्याच्या सूचना द्यायच्या आणि लोकांनी त्या शेवटाकडून वाचायच्या, अशी वाट निघाली. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. सवलत गेली तरी लोक घरी गाड्या जोडतच राहिले. माझी गाडी त्याच घडणीची आहे: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन 500 ते 600 किलोंच्या दरम्यान बसावं. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका जुन्या माझदा एमएक्स-5 मधून काढलं. सांगाड्याच्या नळ्या मापात कापून आल्या होत्या, जोडल्या मी.

नळ्या 25 मिलिमीटरच्या चौकोनी, पत्र्याची जाडी 1.6 मिलिमीटर. एवढ्या पातळ नळीवर वेल्डिंगचा करंट थोडा जास्त झाला की भोक पडतं आणि कमी झाला की वरून छान दिसणारा पण आत न शिरलेला सांधा तयार होतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. म्हणून उरलेल्या तुकड्यांवर आधी सराव केला, सांधे करवतीने मधोमध कापून आत पाहिलं, आणि मगच खऱ्या कामाला हात लावला.

तुम्ही फिटर म्हणून शिकवलेली गोष्ट इथे शब्दशः कामी आली: गुण्यावर विसंबायचं नाही, कर्ण मोजायचे. जाड सपाट टेबलावर तळाची चौकट मांडली, दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारले, पुन्हा मोजलं, आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने थोडं थोडं वेल्डिंग केलं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं तर चौकट डोळ्यादेखत वाकडी होते. वरची चौकट, उभे खांब, इंजिनभोवतीचा भाग, सगळं आधी टॅकवर उभं केलं आणि पुरा सांगाडा मापात आल्यावरच सांधे पूर्ण केले.

तिरप्या नळ्यांचं महत्त्व तर तुम्हाला सांगायलाच नको. चार फळ्यांचं फाटक लोंबायला लागलं की आपण तिरपी पट्टी ठोकतो, तेच इथे तिन्ही दिशांना केलेलं असतं. गाडीच्या सांगाड्याचा खरा शत्रू पीळ. एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाडा पिळवटू पाहतो, आणि तो पिळला तर सस्पेन्शनची मापं चालत्या गाडीत बदलतात. मग स्प्रिंग कितीही चांगल्या घाला, उपयोग नाही. त्यातही जिथे विशबोनचे, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दुबेळक्या दांड्यांचे, ब्रॅकेट बसतात त्या जागा मी सगळ्यात जपल्या. प्रत्येक विशबोनच्या पुढच्या-मागच्या ब्रॅकेटच्या भोकांतून एकच सरळ सळई आरपार घालून, ती सळई सहज फिरते आहे हे पाहून, मग ते ब्रॅकेट जोडले. या कामात मी जितका वेळ घालवला तितका दुसऱ्या कशातच नाही, आणि तो वेळ पुढे प्रत्येक टप्प्यावर परत मिळाला. ॲल्युमिनियमचे पत्रे बसले, दारासारखी काही भानगड नव्हतीच, इंजिन आपल्या माउंटिंगवर सरळ टेकलं.

पत्र्यांचं काम फार सांगण्यासारखं नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये पाणी गेलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये पॉलियुरेथेनचा चिकट थर आणि वरून रिव्हेट. थर पूर्ण लागला की पत्रा सांगाड्याच्या पिळालाही विरोध करतो.

आता आईसाठी ब्रेक. आई, ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. एकाचं तेल गळालं तरी दुसरा दोन चाकं धरून ठेवतो. हँडब्रेक त्याहून वेगळा, केबलवर चालणारा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागची चाकं आधी अडली तर गाडी फिरते, म्हणून पुढच्या ब्रेकला जास्त जोर मिळेल असाच तोल ठेवतात. नळ्या तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या आहेत, त्या गंजत नाहीत. प्रत्येक नळीचं तोंड हत्याराने फुलवून मगच नट आवळला, आणि नळी कुठेही पत्र्याला घासणार नाही अशा क्लिपा लावल्या. ब्रेक ऑइल डॉट 4. ते हवेतली ओल शोषतं आणि ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: मानकाप्रमाणे कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर किमान 155. म्हणून उघडा राहिलेला डबा मी वापरत नाही, आणि गाडीतलं तेलही ठरावीक काळाने बदलणार. हवा काढून झाल्यावर पेडल घट्ट दाबून धरलं आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवला. कुठेही ओल नाही.

सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट मी मुद्दाम सैल ठेवले होते. गाडी चाकांवर उभी राहून आपल्या वजनाने बसली, त्यानंतरच टॉर्क रेंचने आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले असते तर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटलं असतं. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली आहे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

वायरिंगमध्ये एक गोष्ट मला खूप उशिरा कळली असती, जर मी तयार गाडीच घेतली असती: फ्यूज असतो तो वायरीसाठी. दिव्याला किती करंट लागतो एवढंच पाहून चालत नाही, वायर किती सोसेल ते पाहून फ्यूज ठरवायचा, नाहीतर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. आणि अर्थिंग. सांगाड्यावरचं पावडर कोटिंग विजेला अडवतं, त्यामुळे जिथे अर्थची तार जोडायची तिथला रंग खरवडून चकचकीत धातू काढायचा, बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनपासून सांगाड्यापर्यंत वेगळी जाड पट्टी हवीच.

इथून डॅशबोर्डकडे येते, आणि इथेच तुमच्या "कशाला"चं उत्तर आहे.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात खालीवर झालं तरी तो मधोमध बसून राहतो, म्हणजे चालवणारा घाबरत नाही. काही गाड्यांत तर तेलाच्या दाबाचा काटा नुसत्या चालू-बंद स्विचवर असतो: थोडाफार दाब आहे, काटा मध्ये, दाब नाही, काटा खाली. मधलं काहीच नाही. मला मधलंच हवं आहे. दाब हळूहळू उतरत चालला आहे हे इंजिन बिघडण्याआधी दिसायला हवं.

तुमच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरवर जे दाबाचं मीटर होतं, वाकवलेल्या चपट्या नळीचं, ते फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांचं 1849 सालचं. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. तसंच मीटर गाडीत लावता येतं, आणि ते सगळ्यात भरवशाचं. पण त्यासाठी इंजिनातलं गरम तेल बारीक नळीने पायांजवळून डॅशबोर्डपर्यंत आणावं लागतं. ती नळी फुटली तर? म्हणून मी विजेचं मीटर घेतलं: इंजिनवर सेंडर (दाबाची बातमी विजेने पाठवणारा भाग), तिथून फक्त एक वायर.

विजेच्या मीटरला दाबही कळत नाही आणि उष्णताही नाही. त्याला फक्त सेंडरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कळतो. त्यामुळे मीटर आणि सेंडर एका जोडीचे हवेत. पेट्रोलच्या टाकीचंच पाहा. एका पद्धतीत टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33; दुसऱ्या पद्धतीत रिकामी 10 आणि भरलेली 180. जोडी चुकली की टाकी संपत येताना काटा 'भरली'कडे सरकतो. तापमानाच्या सेंडरचं तिसरंच: तो जितका तापेल तितका त्याचा रोध कमी. आणि एका वायरीचा सेंडर अर्थ घेतो तो आपल्या आट्यांतून, इंजिनच्या धातूमधून. आट्यांवर सील करायला पांढरी टेप भरपूर गुंडाळली तर तेल गळत नाही, पण अर्थही नीट मिळत नाही आणि मीटर वाटेल ते दाखवतं.

म्हणून मी मीटर नुसते बसवले नाहीत. तापमानाचा सेंडर थर्मामीटरसोबत पाण्यात ठेवून पाणी हळूहळू उकळीपर्यंत नेलं, दर 10 अंशांना रोध लिहून घेतला, आणि तोच रोध मीटरला देऊन काटा कुठे थांबतो ते पाहिलं. आता मला त्या तबकडीवरचा प्रत्येक आकडा ओळखीचा आहे. सेंडरची जागाही विचार करून निवडली, सिलिंडर हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे. एक मात्र लक्षात ठेवावं लागेल: पाणी गळून सेंडर उघडा पडला तर इंजिन तापत असतानाही काटा कमी दाखवू शकतो. तापलेल्या इंजिनाचा काटा अचानक खाली आला तर ती चांगली खूण समजायची नाही, लगेच गाडी थांबवायची.

वेगाच्या मीटरला चाकाचा घेर सांगावा लागतो. 185/60 आर 14 टायरचा घेर गणिताने 1.81 मीटर येतो, पण वजनाखाली टायर थोडा दबतो. म्हणून मी सीटवर माझ्या वजनाची पोती ठेवली, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली, गाडी ढकलून खूण पुन्हा खाली येईपर्यंत नेली आणि अंतर टेपने मोजलं. ते माप मीटरमध्ये भरलं. रस्त्यावर आणण्याआधी इथे अशा गाडीची सरकारी तपासणी होते. त्यात वेगाचं मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, हा नियम आहे. किंचित जास्त चालतं, कमी अजिबात नाही. अंगाला लागू शकतील अशा कडा, बाहेरून आणि आतूनही, किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेल्या लागतात. त्यासाठी मी डॅशबोर्डच्या पट्टीच्या सगळ्या कडा कानशीने घासून घेतल्या आणि टोकदार स्विच बदलले.

तुम्ही विचारलंत "कशाला", तर बाबा, यासाठी. तेलाच्या दाबाचा काटा हलला की ते तेल कुठल्या पंपाने, कुठल्या फिल्टरमधून, कुठल्या बेअरिंगकडे निघालं आहे हे मला माहीत असेल, आणि ती बातमी कुठल्या वायरीने माझ्यापर्यंत आली हेही. मला गाडी अशी ओळखून चालवायची आहे.

पुढची पायरी इंजिनाची. आधी स्पार्क प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवणार. तेलाच्या दाबाचा काटा वर आला की मगच प्लग लावून सुरू करणार. काटा नाही आला तर तिथेच थांबायचं.

आणि आता जे विचारायचं होतं ते. शर्यतीच्या गाड्यांत काही जण मीटर तिरके फिरवून बसवतात, म्हणजे सगळं ठीक असताना प्रत्येक काटा बरोबर वर उभा राहतो आणि एखादा कलला तर नजर टाकताक्षणी कळतं. आकडे वाकडे दिसतात, पण वाचायची गरजच कमी पडते. मला ते पटतं आहे. फक्त तेलाचा दाब इंजिनाच्या वेगानुसार आणि तेल तापेल तसा बदलतो, त्यामुळे त्याचा काटा नेमका कुठल्या आकड्यावर उभा धरायचा हे ठरत नाही. तापलेल्या इंजिनाचा मधल्या वेगाचा दाब धरावा असं मला वाटतं. तुम्ही इतकी वर्षं यंत्रांवरचे काटे पाहिलेत. पट्टीला भोकं पाडून झाली आहेत, मीटर अजून आवळलेले नाहीत. तुमचं उत्तर आलं की आवळते.

आईला नमस्कार सांगा, आणि ब्रेकचा परिच्छेद तिला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमची लेक