सोबत आलेल्या बाईचाही केसपेपर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताणतणाव म्हटला की परीक्षा आणि नोकरी यांच्यापुढे आपली चर्चा सहसा जात नाही. गोव्यात मात्र नवरा आखातात किंवा बोटीवर आणि स्मृतिभ्रंश झालेली सासू सुनेच्या हवाली, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. आमच्या वाड्यावरच्या एका वहिनीची सासू मध्यरात्री उठते आणि ‘माका घरा व्हर’ (मला घरी ने) म्हणत खीळ काढू पाहते. वहिनी म्हणून दाराला खाट लावूनच निजते. चवथीला नेवऱ्या तळताना तिच्या मनगटावर तेल उडाले, ती जखम दसऱ्यालाही पुरती भरली नव्हती. साखर तपासली, नॉर्मल निघाली.

एका जखमेवरून निदान करणारा मी कोण? पण १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासले होते. स्मृतिभ्रंशाचे नातलग सांभाळणाऱ्या १३ बायका आणि तसले ओझे नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या १३ बायका. सर्वांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले! ताणात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल स्रवते. घटकाभर ते उपयोगाचेच, पण महिनोन्‌महिने चढे राहिले की प्रतिकारशक्तीच्या पेशी सुस्तावतात, आणि जखम भरून काढायला आधी धावायचे असते ते त्यांनीच. झोप आणि रक्तदाब बिघडतो तो वेगळाच. हे सगळे ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो.

बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हटले तर बाई आधी लोक काय म्हणतील याचा विचार करते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, पण फोनवर मन मोकळे करायलाही घरात आडोसा लागतो. उपाय जवळच हवा, आणि तो गोव्याला नवा नाही. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करण्याचा ‘मानस’ प्रयोग इथल्याच आरोग्य केंद्रांत झाला. सरकारी केंद्रांत त्याचा गुण आल्याचे २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

तसा समुपदेशक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा तरी बसावा. आणि म्हाताऱ्या पेशंटला घेऊन आलेल्या बाईचाही केसपेपर काढून तिचा बीपी घ्यावा, झोप किती होते ते विचारावे. आरोग्य खात्याला यासाठी नवे यंत्र आणायला नको.

– एक वाचक, डिचोली