मॅरेथॉनमधल्या शेवटच्या धावपटूचा हिशेब आधी मांडा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मोठ्या शहरांतल्या मॅरेथॉनचा विषय निघाला की भांडण ठरलेलं असतं. एक बाजू म्हणते, मानधन देऊन बोलावलेल्या व्यावसायिक धावपटूंवर पैसा कशाला उधळायचा, शर्यत तर समाजकार्यासाठी धावणाऱ्या हौशी लोकांची आहे. दुसरी बाजू म्हणते, या हौशी मंडळींनी शर्यतीची जत्रा केली. दोन्हीकडची निवेदनं आपल्या टेबलावर येत असणार. आम्ही मार्ग मोजणारे, पाण्याची टेबलं लावणारे, वैद्यकीय तंबू सांभाळणारे आणि निकाल लावणारे लोक आहोत. या दोन गटांत खरी ओढाताण पैशांची नाही, रस्त्यावरच्या वेळेची आहे असं आमचं म्हणणं आहे. म्हणून मागणीही साधी आहे : सरकारी पैसा आणि यंत्रणा शेवटच्या धावपटूच्या मापानं मोजा. पहिल्या धावपटूचा खर्च प्रायोजकानं करावा, पण तो पैसा शर्यतीआधी जमा करून घ्या.

आधी आकडेमोड पाहा. ४२.१९५ किलोमीटर २ तास ५ मिनिटांत संपवणाऱ्याला एका किलोमीटरला २ मिनिटं ५८ सेकंद लागतात. सहा तास घेणाऱ्याला ८ मिनिटं ३२ सेकंद. ३० किलोमीटरच्या खुणेवर पहिला पोचतो गोळी सुटल्यापासून १ तास २९ मिनिटांनी, दुसरा स्वतः निघाल्यापासून ४ तास १६ मिनिटांनी. पण हा दुसरा गोळीबरोबर निघतच नाही, तो शेवटच्या वेव्हमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्यानं सोडल्या जाणाऱ्या गटांपैकी शेवटच्या गटात, उभा असतो. दर सेकंदाला दहा जण सुरुवातीची रेष ओलांडतात असं धरलं, तर ३०,००० धावपटू बाहेर पडायला ५० मिनिटं जातात. म्हणजे तो ३० किलोमीटरवर येणार गोळीनंतर ५ तास ६ मिनिटांनी. विजेता तिथून गेल्यावर साडेतीन तासांहून जास्त वेळ तो रस्ता, ते पोलीस आणि ते पाणी टिकलं पाहिजे.

नेमकी इथेच गफलत होते. मार्ग उघडण्याचं वेळापत्रक बहुतेक वेळा गोळीच्या वेळेवरून बनवलं जातं. जाहिरातीत ‘सहा तासांची मुदत’ असते, प्रत्यक्षात शेवटच्या वेव्हला ५ तास १० मिनिटंच मिळतात. ३० किलोमीटरवरची पाण्याची टेबलं गोळीनंतर ४ तास १६ मिनिटांना उचलली जातात, कारण कागदावर तोवर सगळे पुढे गेलेले असतात. स्वयंसेवकांचा यात दोष नसतो, त्यांना दिलेल्या कागदावर तीच वेळ छापलेली असते. त्यामुळे परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवा : प्रत्येक ५ किलोमीटरच्या खुणेवर रस्ता उघडण्याची वेळ, शेवटच्या वेव्हनं रेष ओलांडल्यापासून मोजलेली. शेवटच्या धावपटूमागे चालणारी माणसं आणि मागे पडलेल्यांना उचलून घेणारी स्वीप बस पुढे गेल्याशिवाय सफाईची गाडी त्या टप्प्यात शिरणार नाही, हेही तिथेच लिहून घ्या. २०१९च्या लंडन मॅरेथॉनमध्ये साडेसात तासांच्या अधिकृत पेसरबरोबर (तेवढ्या वेळात पोचेल असा वेग राखून धावणाऱ्याबरोबर) असलेल्या लोकांना सफाईवाल्यांनी गाठलं, काहींना वजनावरून टोमणे ऐकावे लागले आणि आयोजकांवर माफी मागण्याची वेळ आली. समाजकार्यासाठी पैसा उभा करण्यात जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या शर्यतीत हे घडलं. त्याच लंडननं २०२५ साली ५६,६४० जणांना शेवटच्या रेषेपर्यंत पोचवलं आणि एका दिवसाच्या शर्यतीतून ८ कोटी ७३ लाख पौंड उभे राहिले. तेव्हा मागच्यांना सांभाळणं ही दयेची बाब नव्हे. शर्यतीचा मोठा पैसा त्याच टोकाकडून येतो.

पाण्याचं गणितही दोघांचं वेगळं असतं. व्यावसायिकांच्या टेबलावर प्रत्येकाची स्वतःची बाटली असते : बिबचा, म्हणजे छातीवर लावलेल्या कागदाचा, क्रमांक लिहिलेली, धावताना उचलता यावी म्हणून कडी किंवा दोरी बांधलेली, लांबून ओळखू यावी म्हणून रंगीत पट्टी लावलेली. दर ५ किलोमीटरला असं एक टेबल, बाटल्यांमध्ये हातभर अंतर, आणि त्यांना धावपटूशिवाय कोणी हात लावायचा नाही. मागच्या हजारोंसाठी कागदी पेले. पेला अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरायचा, काठोकाठ भरला तर निम्मं पाणी रस्त्यावर आणि उरलेलं नाकात. भरलेल्या पेल्यांवर पुठ्ठा ठेवून दुसरा थर रचायचा, म्हणजे गर्दीच्या लाटेत हात कमी पडत नाहीत. सगळे पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, म्हणून ‘पुढे आणखी दहा टेबलं आहेत’ असा फलक ५० मीटर आधी लावावा लागतो. २०,००० धावपटू आणि माणशी २०० मिलिलिटर धरले तर एका ठिकाणी ४,००० लिटर लागतात. तरी शेवटच्यांना पाणी मिळत नाही, कारण ऊन चढलं की मधल्या गटातला प्रत्येकजण एक पेला पितो आणि दोन डोक्यावर ओततो. यावर उपाय एकच, चौथा हिस्सा साठा वेगळ्या गाडीत कुलूपबंद ठेवायचा आणि ठरलेल्या वेळेआधी उघडायचा नाही. ऐन गर्दीत हे पाळायला थोडा कठोर केंद्रप्रमुख लागतो, पण तो नेमता येतो.

उन्हाचं तर विचारूच नका. सकाळी ६ला गोळी सुटली तर विजेता सव्वाआठच्या आत अंघोळीला जातो. वरच्या हिशेबातला माणूस १२ वाजून ५० मिनिटांनी येतो. तरी ‘आज शर्यत घ्यावी का’ हा निर्णय पहाटेच्या तापमानावर घेतला जातो. तो शेवटच्या धावपटूच्या वेळेच्या अंदाजावर घ्यायला हवा, आणि साध्या तापमापकावर नव्हे तर आर्द्रता व ऊन दोन्ही धरणाऱ्या वेट बल्ब ग्लोब टेंपरेचरवर. ते २८ अंशांच्या वर जात असेल तर शर्यत रद्द करावी किंवा पुढे ढकलावी, अशी क्रीडावैद्यकातली शिफारस आहे. २००७च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये पारा ३१ अंशांच्या घरात गेला, काही ठिकाणी पाणी संपलं आणि साधारण साडेतीन तासांनी शर्यत थांबवावी लागली. विजेता तोवर तासाभरापूर्वीच पोचला होता.

वैद्यकीय तंबूची आखणी बऱ्याचदा व्यावसायिक धावपटू डोळ्यांपुढे ठेवून होते, पण तिथे येतात हौशीच. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली, म्हणजे हवं त्यापेक्षा कमी, होतं. धोका कोणाला जास्त होता? चार तासांपेक्षा जास्त वेळ लावणाऱ्यांना आणि शर्यतीत पाणी पिऊन पिऊन वजन वाढलेल्यांना. अशा माणसाला ‘डिहायड्रेशन झालंय’ समजून नेहमीचं सलाइन भरभर लावलं तर अवस्था बिघडू शकते. त्यामुळे तंबूत जागच्या जागी सोडियम मोजणारं यंत्र हवं, आणि भ्रम किंवा झटके दिसले तर नेहमीपेक्षा जास्त खारट अशा ३ टक्के सलाइनचे १०० मिलिलिटर हाताशी हवेत. उष्माघाताचा रुग्ण वेगळा. त्याचं तापमान गुदमार्गानंच घ्यायचं, कपाळावर धरायचं यंत्र घामेजलेल्या त्वचेवर फसवतं. ४०च्या वर असेल तर आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात, तापमान ३९च्या खाली आल्यावर मग रुग्णवाहिकेत. टब आणि बर्फ नसताना चार रुग्णवाहिका उभ्या करून भागत नाही.

हृदयविकाराची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी आहे. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमधल्या २००० ते २०१० दरम्यानच्या १ कोटी ९ लाख धावपटूंच्या अभ्यासात ५९ जणांचं हृदय बंद पडलं, ४२ दगावले. प्रसंग विरळा, पण जवळच्या माणसानं छाती दाबायला लगेच सुरुवात केली तर माणूस वाचतो. पाण्याच्या टेबलावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाला सीपीआर शिकवा आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रं) दाट ठेवा.

आता व्यावसायिकांबद्दल, कारण त्यांना हाकलून द्या असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्यामुळे शर्यतीला शिस्त येते. विक्रम मान्य व्हायचा तर मार्ग जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावलेल्या, ठरावीक अंतरावर तपासून घेतलेल्या सायकलनं मोजावा लागतो. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरची रेष धरायची, आणि मार्ग तोकडा भरू नये म्हणून हजारात एक, म्हणजे सुमारे ४२ मीटर जास्त ठेवायचे. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला उतारही ४२ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. या मोजणीचा फायदा चार तासांत धावणाऱ्यालाही होतो, त्याची वेळ दुसऱ्या शर्यतीच्या पात्रतेसाठी धरली जाते. (घड्याळात ४२.८ आले म्हणून मोजणी चुकली, अशी तक्रार दरवर्षी येते. धावपटू वळणावर बाहेरून जातात, घड्याळाचा सिग्नल उंच इमारतींत भरकटतो. मार्ग बरोबर असतो.)

व्यावसायिकांचं उत्पन्न बाहेरून दिसतं तितकं सुखाचं नाही. वर्षाला जेमतेम दोन पूर्ण मॅरेथॉन. पाय दुखावला तर बक्षीस नाही. उत्तेजक चाचणीचा निकाल येईपर्यंत रक्कम अडकलेली, त्यातून एजंटाचा हिस्सा आणि कर. ३० किलोमीटरपर्यंत वेग ओढून बाजूला होणाऱ्या पेसरचं नाव तर कोणाला आठवतही नाही. चाचणीसाठी थांबणं समजू शकतं. चाचणी स्वच्छ आल्यावरही महिनोन्‌महिने पैसे न मिळणं समजू शकत नाही. म्हणून जाहीर केलेलं सगळं बक्षीस परवानगीआधी वेगळ्या बँक खात्यात ठेवण्याची अट घाला. मानधन मात्र सरकारी अनुदानातून देऊ नका. ते प्रायोजकाच्या जाहिरातीचं काम आहे, त्याचं त्यानं करावं.

हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत वाटते तितकी जाडही नाही. बोस्टनला २०१८ साली थंडी-पावसात पुरुषांत पहिला आला युकी कावाउची, जपानमधला पूर्णवेळ सरकारी कर्मचारी. महिलांत दुसरी आलेली सारा सेलर्स रुग्णालयात नोकरी करत होती. पण त्याच दिवशी महिलांच्या एलीट गटानंतर (आधी सोडल्या जाणाऱ्या निवडक धावपटूंनंतर), सर्वसाधारण वेव्हमधून निघालेल्या काहींची वेळ बक्षिसाच्या क्रमांकात बसत होती. नियमानुसार त्यांना बक्षीस नव्हतं, आणि टीका झाल्यावर आयोजकांनी वेगळे पैसे दिले. शिकागोला २००८ साली वेस्ली कोरीर एलीटांच्या पाच मिनिटं मागून निघून वेळेनुसार चौथा आला होता. दोष नियमाच्या हेतूत नाही. एकमेकांना न दिसणारे दोन धावपटू एकाच शर्यतीत होते असं म्हणता येत नाही, म्हणून बक्षीस गोळीच्या वेळेवरच द्यावं लागतं. पण मग एलीट गटाचं दार वेळेच्या निकषावर उघडं हवं : अमुक वेळेपेक्षा वेगवान असाल तर पुढे उभे राहा, एजंट असो वा नसो. हा निकष नोंदणी सुरू होण्याआधी छापून यावा.

राहिला संस्थांच्या नावानं मिळणाऱ्या जागांचा प्रश्न. संस्था आयोजकाकडून जागा विकत घेते आणि किमान निधी गोळा करण्याचं वचन देणाऱ्याला ती देते. धावपटूनं निधी अपुरा आणला तर जागेचे पैसे संस्थेच्याच अंगावर पडतात, लहान संस्था यात सहज पोळतात. आयोजक मात्र ‘एकूण इतके कोटी उभे राहिले’ असं सांगून मोकळा. जागेची किंमत, संकलनाच्या संकेतस्थळाचं कमिशन आणि टी-शर्टांचा खर्च वजा जाता संस्थेच्या हाती किती पडलं, हा आकडा संस्थानिहाय जाहीर करायला लावा. धावपटू जखमी झाला तर बिब बदलून देण्याची अधिकृत सोयही हवी, निदान आठवडाभर आधीपर्यंत. नसली की बिब मित्राला दिला जातो. मग ३८व्या किलोमीटरवर बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बिबमागे दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याच्या बायकोचा फोन आणि दुसऱ्याची औषधांची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि तंबूतला डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो.

या अटींचा मसुदा अर्जाच्या नमुन्यासह तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत. पुढच्या हंगामाच्या परवानग्या सुटण्याआधी आपल्या खात्यानं बोलावलं तर वेळापत्रकाचे तक्ते घेऊन येऊ.

कळावे,

आपले,
रस्त्यावरच्या शर्यतींची मोजणी, पाणी, वैद्यकीय आणि निकालाची कामं करणारे काहीजण